वाटाड्याचे मोल

मदन महलच्या टेकडीच्या पायथ्याशी आम्हा दहाबारा मराठी कुटुंबांची वस्ती आहे. कोणी रेल्वेत, कोणी तोफगाड्यांच्या कारखान्यात, कोणी टपाल वा हिशेब खात्यात. दिवाळी सरली की या घरांतून एकच विषय निघतो : यंदा रजा प्रवास सवलत घ्यायची काय, आणि घेतली तर जायचे कोठे? या वर्षी आमच्या घरी त्या चर्चेला निराळेच वळण लागले. मुंबईच्या एका सहल कंपनीचे गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक कोणीतरी आणून दिले. सहा दिवसांची सिंगापूरची सहल, त्यात सेंटोसा बेटावरचा थीम पार्क, दोन्ही वेळचे भारतीय जेवण आणि घरापासून घरापर्यंत सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर. मुलांनी दोन दिवसांत ते पत्रक तोंडपाठ केले. पत्नीने आईसह पाच जणांच्या रकमेची बेरीज मांडली; ती आमच्या दोन वर्षांच्या शिलकीहून थोडी अधिकच भरली. आईने मात्र आकडा विचारला नाही. तिने एवढेच विचारले, "सोबत कोणाची आहे?"

पदवी परीक्षेला मी इतिहास हा विषय घेतला होता. त्या ज्ञानाचा कचेरीत फारसा उपयोग होत नाही. पण आईच्या या प्रश्नाने ते एकदम जागे झाले. प्रवासाला निघणारा माणूस शतकानुशतके हाच प्रश्न विचारीत आला आहे, आणि सोबतीसाठी त्याने मोजलेली किंमत दर काळी निराळी होती. ती किंमत कशाबद्दल होती हे एकदा नीट पाहिले, तर पत्रकावरच्या आकड्याचा निवाडाही सोपा होईल असे वाटले. हा लेख त्या विचाराचे फळ होय.

आमच्या जबलपूरवरून जाणारा नागपूर-मिर्झापूर रस्ता हा दक्षिणेतून काशीला जाण्याचा जुना मार्ग. नागपूर, शिवनी, जबलपूर, रीवा आणि पुढे गंगा. वऱ्हाड-नागपूरकडचे कितीतरी यात्रेकरू याच वाटेने गेले असतील. पायी किंवा बैलगाडीने महिनोन्‌महिने चालणाऱ्या या प्रवासात सोबत म्हणजे प्रथम जिवाची हमी. मोठ्यांना ती सहज मिळे. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये उत्तरेच्या यात्रेस गेल्या, तेव्हा राजपूत दरबारांनी त्यांचे आदरातिथ्य केले आणि मुघल अंमलदारांनीही वाटेत त्यांस संरक्षण दिले. पेशव्यांच्या मातोश्रींची सोबत त्यांच्या पुत्राचा दरारा करीत होता. सामान्य माणसाजवळ असा दरारा नसे. तो वाटेवर जथा शोधी, आणि जो जथा भेटेल त्यावर विश्वास टाकी.

या विश्वासाचा सर्वांत भीषण व्यापार ज्यांनी केला, त्यांचा इतिहास जबलपूरशी कायमचा जोडला गेला आहे. ठगांच्या टोळ्या वाटसरूंवर एकदम तुटून पडत नसत. आपणही त्याच गावी निघालो आहोत, रस्ता धोक्याचा आहे, मिळून गेलेले बरे, असे सांगून ते सोबत देत. दिवसचे दिवस एकत्र चालत, एकत्र उतरत, आणि विश्वास बसला म्हणजे रुमालाचा फास टाकीत. विल्यम स्लीमन या इंग्रज अंमलदाराने सागर आणि जबलपूर येथून त्यांच्याविरुद्ध मोहीम चालविली. १८३६ साली ठगीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. आणि १८३७ साली जबलपुरात माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी व त्यांच्या मुलांसाठी एक उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि सतरंज्या विणल्या जात. इंग्रजांनी ठगीचे जे चित्र उभे केले त्यात राज्यविस्ताराच्या सोयीचे रंग किती होते, याविषयी अलीकडचे इतिहासकार शंका घेतात, आणि ती रास्तही आहे. तथापि जो माणूस सोबत देऊ करतो त्याच्यावरच सारा प्रवास टांगलेला असतो, एवढे सत्य त्यातून उरतेच.

ठगीचा बंदोबस्त झाला तरी रस्ते लगेच निर्धास्त झाले नाहीत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाची वार्ता कानी आली. झांशीच्या वेढ्यात ते सापडले. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. आणि अखेरीस द्रव्याऐवजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. १८८३ च्या सुमारास त्यांनी लिहिलेली ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. मराठीतल्या या अपूर्व प्रवासवृत्तात काका-पुतण्यांना एकमेकांखेरीज शाश्वत सोबत नाही. हिशेबाच्या दृष्टीने तो प्रवास बुडीत खातेच म्हणावा लागेल. पण मराठी वाचकांना त्याच्याइतका लाभ क्वचितच दुसऱ्या कोणाच्या प्रवासाने झाला असेल.

जिवानिशी माणूस क्षेत्री पोहोचला म्हणजे सोबतीची दुसरी गरज सुरू होई. परक्या गावात उतरायचे कोठे, कोणता विधी कोठे करायचा, कोणत्या घाटावर कोणाला काय द्यायचे? येथे तीर्थोपाध्याय पुढे येई. त्याच्या वहीत आपल्या घराण्यातल्या मागे येऊन गेलेल्यांची नावे असत, आपल्या पणजोबांची सही असे. नाशिकला, गयेला, काशीला ही पद्धत आजही पाहावयास मिळते. परमुलखात कोणीतरी आपले गोत्र आणि गाव विचारून आपल्याच आजोबांचे नाव वाचून दाखवावे, यात जो धीर आहे तो कोणत्याही आलिशान उतारगृहात नाही. मात्र या व्यवस्थेत एक मोठा दोष होता : किंमत आधी ठरलेली नसे. दक्षिणेचा आकडा यजमानाच्या श्रद्धेवर, ऐपतीवर आणि बऱ्याचदा त्याच्या भिडेवर अवलंबून राही. त्यात सरकारचा करही असे. प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथे कंपनी सरकार यात्रेकरूंवर जो कर घेई तो १८४० साली उठला. तेव्हा काशीयात्रेचा एकूण खर्च किती, याचे उत्तर घरी परत आल्यावरच देता येई.

किंमत आधी सांगण्याची कल्पना मात्र दुसरीकडून आली. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडातील लेस्टर गावाहून थॉमस कुक नावाच्या एका दारूबंदी प्रचारकाने सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने लफबरो येथे नेली. अंतर अवघे अकरा मैल, जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग. तेथे एका सद्गृहस्थाच्या विस्तीर्ण बागेत चहापान झाले, खेळ झाले, भाषणे झाली. आधुनिक संघटित सहलींच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या दिवसापासून मानला जातो, आणि ती सहल एका बागेतच गेली होती, हा योगायोग आजच्या थीम पार्कच्या संदर्भात मोठा गमतीचा वाटतो. १८६८ पासून कुकने उतारगृहांची कुपने काढली. खोली आणि जेवण यांचे पैसे घरीच भरून निघायची सोय झाली.

या व्यवस्थेला हिंदुस्थानात वाट करून दिली ती रेल्वेने, आणि तिचा सांधा जुळला तो आमच्या जबलपुरात. अलाहाबादहून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ साली येथे पोहोचला. मुंबईकडून येणारी जी. आय. पी. रेल्वे मार्च १८७० मध्ये त्यास मिळाली, आणि मुंबई-कलकत्ता हा अखंड लोहमार्ग तयार झाला. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि ड्यूक ऑफ एडिंबरो उपस्थित होते. ज्या वाटेवर सोबत शोधताना जीव मुठीत धरावा लागे, त्या वाटेवर आता तिकिटाचा तुकडा पुरेसा झाला. १८८१ साली कुक कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. १८८६ साली तर सरकारने हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्थाही तिच्याकडे सोपविली.

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्यासारख्या नोकरदारांच्या प्रवासाला खरा रेटा मिळाला तो १९५६ साली सुरू झालेल्या रजा प्रवास सवलतीने. बदलीच्या गावी राहणाऱ्याला स्वग्रामी जाता यावे आणि चार वर्षांत एकदा देश पाहता यावा, हा तिचा हेतू. पाठोपाठ मराठी माणसाच्या खास गरजा ओळखणाऱ्या सहल कंपन्या निघाल्या. केसरीभाऊ पाटलांची 'केसरी' १९८४ साली, वीणा पाटलांची 'वीणा वर्ल्ड' २०१३ साली. या मंडळींनी एक गोष्ट अचूक हेरली : परमुलखातल्या मराठी माणसाला धोक्याची भीती आता फारशी नाही, त्याला संकोच वाटतो. भाषेचा संकोच, जेवणाचा संकोच, आपण कोठे चुकू आणि हसे होईल याचा संकोच. त्यांनी हा संकोच घालविण्याची किंमत आकारली, आणि ती पुष्कळांनी आनंदाने दिली. एकट्या स्त्रियांच्या स्वतंत्र सहली निघाल्या, तेव्हा ज्यांनी जन्मात घराबाहेर रात्र काढली नव्हती अशा कितीतरी जणींनी समुद्र ओलांडला. या कामाचे मोल रुपयांत मोजू नये असे माझे मत आहे.

आता थीम पार्ककडे वळू. १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने याने कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा प्रवेशाचे एक डॉलर घेतले जाई आणि प्रत्येक खेळाचे पैसे निराळे पडत. त्याच वर्षी तिकिटांच्या वह्या निघाल्या. त्यात साध्या खेळांची आणि मोठ्या खेळांची निरनिराळ्या वर्गांची तिकिटे असत. १९८२ साली ही पद्धत बंद होऊन एकदाच पैसे भरून दिवसभर हवे ते खेळा, अशी व्यवस्था आली. आपल्याकडे दिल्लीला १९८४ साली अप्पू घर निघाले (ते २००८ साली बंद झाले), मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड, आणि खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका. एकरकमी तिकिटाची चाल आता बहुतेक ठिकाणी रूढ आहे.

या बदलाचा एक परिणाम हिशेबनिसाच्या नजरेतून सुटू नये. तिकिटांची वही होती तोवर न वापरलेले तिकीट खिशात राही. माणूस लवकर निघाला तरी त्याचे फारसे बिघडत नसे. एकरकमी तिकिटात मात्र आपण खेळ विकत घेत नाही, वेळ विकत घेतो. फाटक उघडण्याच्या वेळी जो हजर असतो आणि बंद होईपर्यंत थांबतो, त्याला ते तिकीट स्वस्त पडते. जो अकराला पोहोचतो आणि बससाठी पाचला परततो, त्याला तेच तिकीट महाग पडते. चाळीस माणसांची टोळी घेऊन निघालेला टूर मॅनेजर कितीही कर्तबगार असला तरी चाळिसांची न्याहारी, चाळिसांची हजेरी आणि चाळिसांची बस यांत त्याचे दोन-तीन तास जाणारच. पुन्हा खेळापुढच्या रांगा त्याच्या हातात नसतात. रांग टाळण्याचे जादा किमतीचे तिकीट अनेक पार्कांत मिळते, पण ते पॅकेजमध्ये बहुधा नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट पार्कच्या रचनेत आहे. डिस्नेने प्रवेशाचे दार एकच ठेवले, त्यातून एक सरळ रस्ता काढला, आणि रस्त्याच्या टोकाला ७७ फूट उंचीचा एक किल्ला उभा केला. तो दुरून दिसावा आणि पाय आपोआप तिकडे वळावेत ही योजना होती. किल्ल्याच्या भिंतीचे दगड वर वर जाताना लहान केले आहेत, म्हणजे तो आहे त्याहून उंच भासतो. पुढच्या थीम पार्कांनी हाच धडा गिरविला. पाट्या, नकाशे, रंग, संगीत, सारे काही माणसाला हात धरून पुढे नेते. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत तर तिकिटातच बस आणि माहिती सांगणारा माणूस येतो. थोडक्यात, थीम पार्क म्हणजे विटा-सिमेंटाने बांधलेला वाटाड्याच होय. अशा जागेच्या आत दुसऱ्या वाटाड्याचे पैसे देणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा देयक चुकविणे.

याची उलट बाजू पाहायची तर आमची टेकडी चढावी. मदन महल हाही किल्लाच. पण कोणी मुद्दाम उंच भासवलेला नाही. एका अजस्र ग्रॅनाइटच्या शिळेवर बसविलेली ती लहानशी, दोन मजली, साधी इमारत. गोंड राजा मदनशहा याने ती बांधली असे परंपरा सांगते. येथून टेहळणी होत असावी. राणी दुर्गावतीचे नाव या जागेशी जोडले जाते. अकबराचा सरदार असफखान याच्याशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिने देह ठेवला. पुढे १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपविले, मग येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि १८१७ साली इंग्रजांचा. कोठेतरी सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत अशी आख्यायिका आहे. जवळच एका शिळेवर नुसत्या टेकलेल्या अवस्थेत उभी असलेली संतुलित शिला १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही. आता हे सारे येथे येणाऱ्याला कोण सांगणार? दगड बोलत नाहीत. तरुण मंडळी येतात, छायाचित्रे काढतात आणि दहा मिनिटांत उतरतात. जेथे वाटाड्याची खरी गरज आहे तेथे सहसा कोणी त्याला पैसे देऊ करीत नाही.

भेडाघाटला मात्र ही गरज भागते. संगमरवरी कड्यांमधून नाव नेणारा नावाडी वल्ही मारता मारता यमके जुळवीत त्या कड्यांचे वर्णन करीत असतो. येथे 'जिस देश में गंगा बहती है' चे चित्रण झाले, येथे 'अशोका' चे. हा दगड हत्तीसारखा, तो मोटारीसारखा. आणि ही बंदरकूदनी, जेथे दोन कडे इतके जवळ होते की वानरे उडी मारीत. त्याच्या विनोदाला प्रत्येक वेळी हसू येईलच असे नाही. पण तो गप्प राहिला तर निम्मे कडे आपल्या नजरेतून निसटतील. त्याच्या नावेचे भाडे मला कधी महाग वाटले नाही.

एवढा इतिहास चाळल्यावर पत्रकाचा निवाडा असा होतो. वाटाड्याने पूर्वी जीव राखला, मग परक्या गावात ओळख दिली, मग किंमत आधी ठरवून मनाची धास्ती घालविली, आणि आज तो संकोच दूर करतो. यांपैकी ज्याची आपल्याला खरोखर वाण आहे त्याचेच पैसे द्यावेत. वृद्ध जोडप्याने, एकट्या स्त्रीने, प्रथमच परदेशी निघालेल्या आणि पथ्यपाणी सांभाळणाऱ्या माणसाने थीम पार्कसकट पॅकेज घ्यावे. त्याला विमानतळ, व्हिसा, जेवण आणि बोलायला माणूस यांचा पुरेपूर मोबदला मिळतो. केवळ थीम पार्कसाठी निघालेल्या धडधाकट कुटुंबाने मात्र पॅकेजऐवजी तिकीट घ्यावे आणि पार्कमध्ये अख्खा दिवस, जमल्यास दोन दिवस काढावेत. पॅकेज घ्यायचेच असेल तर आधी एकच प्रश्न विचारावा : पार्कच्या फाटकाच्या आत आम्हाला किती तास मिळतील? या प्रश्नाचे लेखी उत्तर जी कंपनी देईल ती चांगली.

नोकरदारांसाठी दोन गोष्टी जोडतो. रजा प्रवास सवलत भारताच्या हद्दीतच लागू आहे आणि ती फक्त भाड्याची आहे. राहणे, जेवण, स्थानिक फिरणे आणि पार्कचे तिकीट यांतले काहीही तीत बसत नाही. परदेशी पॅकेजवर २०२० पासून उगमस्थानी कर गोळा केला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते. आणि आगाऊ भरलेला पैसा हा अखेर विश्वासाचाच व्यवहार आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी १७८ वर्षांची परंपरा सांगणारी ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली, तेव्हा परदेशी गेलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमाने धाडून घरी आणले. (भारतातील त्या नावाची कंपनी २०१२ पासून निराळ्या मालकीची आहे; तिला झळ लागली नाही.) फाशाचा रुमाल गेला, तरी वाटेत सोबत सुटण्याचे भय अजून पुरते गेलेले नाही.

आमच्या घरी शेवटी असे ठरले. मुलांना पुढच्या उन्हाळ्यात स्वग्रामी जाताना खोपोलीला न्यायचे, फाटक उघडताना हजर राहायचे आणि दिवे लागेपर्यंत हलायचे नाही. सिंगापूर राहिले. शिलकीतून आईला काशीला न्यायचे. ती माझ्यावर अवलंबून असल्याने तिचे भाडेही सवलतीत बसते, आणि जबलपूरहून काशी एका रात्रीच्या अंतरावर आहे. या शहरात राहून इतकी वर्षे आम्ही तिला तेथे नेले नाही, याची हिशेब मांडताना लाज वाटली. कोणती सहल कंपनी, हे तिने विचारले नाही. "तू येणार आहेस ना? मग झाले," एवढेच म्हणाली. आजोबा तरुणपणी काशीला जाऊन आले होते असे ती सांगते. त्यांचे नाव उपाध्यायांच्या वहीत अजून असेल, तर ते मी तिला वाचून दाखवीन.